कॅम्पिंगचा पसारा वाहायला, ट्रेलर ओढायला कोणती गाडी? अनुभव लिहा

उनाड, न्यू जर्सी
यंदा पॉप-अप कॅम्पर (गाडीमागे ओढायचा, घडी उघडून राहायचा तंबू-ट्रेलर) घ्यायचं घाटतंय. आम्ही चौघं, दोन कयाक (अरुंद वल्हवायच्या होड्या), सायकली, शेगडी-भांडी. सेडानच्या आवाक्यातलं हे काम नाही. मिनीव्हॅन, तीन रांगांची एसयूव्ही की सरळ पिकअप ट्रक? शोरूममध्ये जो तो ‘पाच हजार पौंड ओढते’ एवढंच सांगतो. ज्यांनी खरोखर सामान ओढलंय त्यांनी लिहा. भारतातल्यांचे अनुभवही हवेत.

घाटवाट, डेन्व्हर
पाच हजार राहू दे, आधी ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाच. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्यावर असतं. गाडी निवडायची ती त्या आकड्यावर.

समज, तिथे १२०० आहेत आणि भरलेला कॅम्पर ३००० पौंडांचा. हिचवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर, त्याचा १० ते १५ टक्के भार हवा, म्हणजे साधारण ४००. तोही याच बाराशेतून जातो. चौघांचे ६००. छतावरच्या कयाक आणि रॅक दीडशे, हिचचं लोखंड पन्नास. झाले बाराशे! कूलर अजून घरीच आहे. ओढायची ताकद शिल्लक असते, पण पाठीवर घ्यायची संपलेली असते. आणखी एक: त्याच मॉडेलच्या महागड्या प्रकारात सनरूफ वगैरेंचं वजन वाढतं आणि हा आकडा घटतो. म्हणून ब्रोशर नको, जी गाडी घरी न्यायची तिचाच स्टिकर बघ.

आमच्याकडे कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेलं इंजिन तिथल्या विरळ हवेत जवळपास तिसरा हिस्सा ताकद गमावतं. आम्ही टर्बोवाला ट्रक घेतला तो यासाठीच. उतारावर ब्रेक दाबून धरू नकोस, खालचा गिअर टाक. आणि ट्रेलर मागे डुलायला लागला तर ॲक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर, गाडीचा ब्रेक मारू नकोस. हाताशी ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर असेल तर तेवढाच हलके दाब. मुळात जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या पुढे भरलं तर डुलणं सहसा होतच नाही.

मायबोली मावशी, ऑस्टिन
मिनीव्हॅनला कमी लेखू नका! टोयोटाची सिएना मिनीव्हॅन ३५०० पौंड ओढते. छत बुटकं, त्यामुळे माझ्यासारखी पाच फुटी बाईसुद्धा एकटी कयाक वर चढवते. उंच ट्रकवर ते करून दाखवा. मागची सीट जमिनीत गेली की पातेली, तंबू, पाण्याचे कॅन सगळं आत. फक्त हिच बसवताना वायरिंग विचारा. चार पिनांचं कनेक्शन केवळ दिवे लावतं. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर सात पिनांचं आणि कंट्रोलर लागतो.

टेम्सकाठ, रेडिंग
इकडे यूकेत १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा नाही. पण गाडीला तेवढं झेपतं का हे व्हीआयएन प्लेटवर (गाडीचा क्रमांक आणि वजनं लिहिलेल्या पट्टीवर) बघायचं: गाडी-ट्रेलरच्या एकत्रित वजनातून गाडीचं कमाल वजन वजा करा, उरेल ते ट्रेलरचं. मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा, आणि तीन लेन असतील तर उजवीकडची आपली नाही.

सौरऊर्जा, सॅन होजे
आमची इलेक्ट्रिक एसयूव्ही ट्रेलर ओढते झकास, चढावर तर हूं की चूं नाही. पण रेंज निम्म्यावर येते. पुष्कळ चार्जरपाशी गाडी उलटी लावावी लागते, म्हणजे दरवेळी ट्रेलर सोडा, पुन्हा जोडा. कॅलिफोर्नियात ट्रेलरसह ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, ती पाळली की रेंज जरा टिकते. योसेमिटीपर्यंत ठीक, त्यापलीकडे मी हायब्रिडच सुचवीन.

दोरखंड, पुणे
आम्ही ट्रेलर ओढत नाही, सगळं गाडीच्या पोटात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) असलं की पायथ्याच्या बेलपाड्यापर्यंत दोर, हार्नेस, हेल्मेटं, मोठी पातेली आणि सहा माणसं. त्यासाठी आमची जुनी बोलेरो. पक्की चॅसी, मागच्या चाकांना ताकद, आणि मुरबाडच्या गॅरेजातही तिचे पार्ट मिळतात. ट्रेकच्या गाडीत मी हेच आधी बघतो.

पिकअप घेतलेल्या मित्रांना एकच सांगणं: दोराच्या पिशव्या डिझेलच्या कॅनजवळ किंवा बॅटरीजवळ ठेवू नका. ॲसिडची वाफसुद्धा नायलॉन कुजवते आणि वरून काहीच दिसत नाही. आम्ही दोर झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, मधल्या सीटमागे ठेवतो. बॅटरी, इंधन आणि स्टोव्ह दुसऱ्या टोकाला. पावसाळ्यात उघड्या हौद्यावर नुसती ताडपत्री पुरत नाही. हार्डटॉप (हौद्यावरचं पक्कं छत) लावून घ्या, आणि त्याचं वजनही हिशोबात धरा.

उनाड, न्यू जर्सी
आज दोन शोरूममध्ये दारं उघडून बघितली. एकाच एसयूव्हीच्या दोन प्रकारांत दीडशे पौंडांचा फरक! मावशी, सिएनाच्या छतावर दोन कयाक आणि मागे सायकलींचा रॅक एकत्र जमतं का? हिच तर कॅम्परनं अडवलेली असेल.