असोसिएटिव्ह मेमरीला मराठीत काय म्हणायचं?

न्यूरल नेटवर्कवर (मेंदूतल्या पेशींच्या धर्तीवर बनवलेल्या जाळ्यांवर) मराठीत लिहायला घेतलंय आणि इथेच अडकलोय. 'साहचर्य स्मृती' चालेल का? मला तरी त्यातून दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात एवढंच कळतं, कॉम्प्युटरच्या मेमरीला पत्ता द्यावा लागतो आणि हिला पत्ताच नसतो, अर्धवट तुकडा दिला की अख्खं बाहेर येतं, ही खरी गंमत त्यात कुठेच नाही.

— साहचर्य अगदीच चूक नाही हो. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेबने १९४९ मध्ये हेच मांडलं ना, एक पेशी दुसरीला सारखी पेटवत राहिली की दोघींमधली जोडणी घट्ट होते. पण हे झालं साठवण्याचं, तुम्ही म्हणताय ते काढण्याचं. स्मृती म्हणजे साठा, स्मरण म्हणजे क्रिया. 'त्या अनुषंगाने आठवलं' असं आपण बोलतोच, मग 'अनुषंगी स्मरण' का नको?

— स्मरणला माझं मत. भौतिकशास्त्रज्ञ जॉन हॉपफील्डच्या १९८२ च्या मॉडेलमध्ये १००० न्यूरॉन (पेशी) असले तर साधारण १३८ रँडम पॅटर्न, म्हणजे कुठल्या पेशी पेटल्या नि कुठल्या नाहीत याचे नमुने, मावतात, त्यापुढे कोंबत गेलं की नवेच काय जुनेही धड आठवेनासे होतात, म्हणजे मोजायचं ते किती घातलं हे नाही, किती परत मिळालं हे. विलशॉ आणि सहकाऱ्यांचं १९६९ चं मॉडेल तर आणखी साधं, जोडणी एकतर आहे नाहीतर नाही, तरी जाळं खूप मोठं असेल तर एका जोडणीमागे ०.६९ बिटपर्यंत (बिट म्हणजे माहितीचं एकक) परत मिळू शकतं, अट एवढीच की प्रत्येक पॅटर्नमध्ये मोजक्याच पेशी पेटलेल्या हव्यात, हजारात दहाएक. ही काटकसर मेंदूतही दिसते. आणि हो, या मोजक्याच पेटण्याला इंग्रजीत स्पार्स म्हणतात, त्याला 'विरळ' म्हणा, 'तुरळक' नको, तुरळक म्हटलं की पुढे 'पाऊस' आपोआप येतो.

— 😀 हे तर अनुषंगी स्मरणाचंच उदाहरण झालं! आणि माहिती कशी मोजायची हे सांगणाऱ्या क्लॉड शॅननच्या १९४८ च्या हिशोबाने त्या 'पाऊस'मध्ये माहिती जवळजवळ शून्य, कारण तो येणार हे आधीच ठाऊक. तिथली 'माहिती' म्हणजे अनपेक्षितपणाचं माप, अर्थाशी संबंध नाही, हे लेखात एकदा सांगाच.

— मी तर 'सुतावरून स्वर्ग' सुचवणार होतो. हॉपफील्डच्या जाळ्यात कधीकधी काही आठवणींची खिचडी होऊन कधीच न शिकवलेला पॅटर्न निघतो, म्हणजे सूत आपलं, स्वर्ग भलताच.

— अनुषंगी स्मरण फायनल. आता चार ठिकाणी 'साठवण क्षमता' लिहून बसलोय ते आधी बदलतो.