वेण्णा तलावावरचे हिमकण कधी दिसतील?

प्रश्न: नाताळच्या सुट्टीत साताऱ्याहून महाबळेश्वरला जातोय. गोठलेलं दव बघायचं तर कुठे, किती वाजता?

घाटवाट: वेण्णा तलाव ते लिंगमळा पट्टा. उजाडायच्या आत पोचा, ऊन लागलं की संपलं. थंड हवा जड असते, सखल भागात साचते. म्हणून बाजारपेठेपेक्षा तिथे गारठा जास्त. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला हवा. ढग असतील तर खुशाल झोपा.

रानवाटा: अंदाजात ५-६ अंश दिसले तरी जा. तो आकडा जमिनीपासून सव्वा मीटरवरच्या हवेचा. गवत आणि गाडीचा टप त्याहून गार होतात. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात मात्र शिरू नका, गोठलेलं पान दाबलं की नंतर काळं पडतं.

घाटवाट: ३१ तारखेला दुपारी वाईहून निघालात, तर गर्दीमुळे संध्याकाळ पसरणी घाटातच.