माळावर उपासना घ्यावी का? मंडळीतील दोन आक्षेप आणि आमची अडचण

बांधावरचा

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका लहान गावात आहे. रविवारी साधारण साठ माणसे उपासनेला येतात आणि बहुतेक घरे शेतीवरच चालतात. यंदा तरुण संघाने असे सुचवले की वर्षातून चार उपासना मंदिराऐवजी (म्हणजे चर्चऐवजी) गावाशेजारच्या माळावर, जुन्या चिंचेखाली घ्याव्यात. त्यांतील पहिली पेरणीच्या आधी आणि शेवटची सुगीनंतर.

पंचांमधील दोन वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली आहे. पहिल्यांचे म्हणणे असे की समर्पित मंदिर असताना बाहेर बसायचे म्हणजे उपासनेची सहल करायची. हा आक्षेप मला फार जड वाटत नाही. दुसऱ्यांचा आक्षेप मात्र मनात घर करून बसला आहे: झाड, माती आणि पाणी यांना समोर ठेवून प्रार्थना करू लागलो, तर निर्मात्याला सोडून निर्मितीचीच पूजा सुरू होईल. संघातील एका मुलीने लिहून आणलेल्या प्रार्थनेची सुरुवात ‘हे धरणीमाते’ अशी होती. कागद माझ्या हातात होता आणि तो वाचावा की बाजूला ठेवावा हे मला सुचेना. या आक्षेपाला वचनाच्या आधारे काय उत्तर द्यावे, आणि बाहेर प्रभुभोजन (भाकर व प्याल्याचा विधी) द्यावे की नाही, याविषयी जाणत्यांनी लिहावे.

जुना पाळक

प्रिय बंधू, पहिल्या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. इंग्रज उपदेशक जॉर्ज व्हाइटफिल्ड यांनी १७३९च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथे कोळसा खाणीतील मजुरांना उघड्यावर उपदेश केला. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांना आरंभी हा प्रकार अप्रशस्त वाटला होता, तरी २ एप्रिलपासून तेही बाहेर उभे राहिले. जर्मनीतील हेर्नहूट येथे मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचे तरुण १७३२च्या पुनरुत्थानदिनी (ईस्टरला) सूर्योदयापूर्वी टेकडीवरील कबरस्तानात गीते गाण्यासाठी जमले. ईस्टरच्या पहाटे उघड्यावर उपासना घेण्याची प्रथा तेथूनच पसरली. मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. वेस्ली मैदानात गेले ते झाडांसाठी नव्हे, मंदिरात न येणाऱ्या माणसांसाठी. म्हणून हा दाखला तुमच्या मुलांना परवानगी मिळवून देईल, पण त्यांच्या मनातले कारण पुरवणार नाही.

ते कारण बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, पंधराव्या वचनात आहे. मनुष्याला एदेन बागेत ‘मशागत व राखण’ करण्यासाठी ठेवले, असे आपल्या मराठी शास्त्रात आहे, आणि तुमच्या मंडळीतील शेतकऱ्याला हे दोन्ही शब्द कोणी समजावून सांगावे लागणार नाहीत. मूळ इब्री भाषेत येथे जी दोन क्रियापदे आहेत, तीच गणना या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात निवासमंडपात (इस्राएलांच्या तंबूरूपी पवित्रस्थानात) लेव्यांनी, म्हणजे त्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाने, करावयाच्या सेवेसाठी योजिली आहेत. शेत नांगरणे आणि पवित्रस्थानाची सेवा करणे यांना एकच शब्द पुरला, ही गोष्ट मी चाळीस वर्षे उपदेशात सांगत आलो. परंतु एकदाही शेतात उभे राहून सांगितली नाही, याची आता खंत वाटते.

‘हे धरणीमाते’ हे संबोधन मात्र मी बदलून घेतले असते. असिसीच्या संत फ्रान्सिसनेही पृथ्वीला बहीण आणि माता म्हटले आहे. पण त्याच्या स्तवनगीतात हाक प्रभूला आहे आणि पृथ्वी त्या स्तुतीचे निमित्त आहे. प्रार्थनेत संबोधन कोणाला आहे, एवढे पाहिले तरी पुरे. प्रभुभोजनाला जागेचे बंधन नाही. पहिले तर माडीवरच्या खोलीतच झाले. तुमच्या पाळकांची संमती असली की झाले.

वसईची लेक

आम्हां कॅथलिकांकडे नियम थोडा कडक आहे. मिस्सा (प्रभुभोजनाची आमची उपासना) पवित्र स्थळीच व्हावी, विशेष गरज असेल तरच अन्यत्र, तीही योग्य जागी, असे आमचा धर्मकायदा सांगतो. त्यामुळे उघड्यावर आम्ही बहुधा मिस्सा करत नाही, प्रार्थना करतो. मुंबईच्या गावठाणांत रस्त्याच्या कडेला जे क्रूस दिसतात, त्यांतील पुष्कळ १८९६नंतरच्या प्लेगच्या साथीत उभे राहिले. मे महिन्यात अशा क्रूसापाशी संध्याकाळी माणसे जमतात, लदीन (विनवण्यांची गायिलेली प्रार्थना) होते आणि उकडलेले चणे वाटले जातात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन या मुंबई-वसईकडच्या स्थानिक कॅथलिक समाजात आगेरा हा सुगीचा सण असतो. त्या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये आणतात. युरोपात तर पाचव्या शतकापासून स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे तीन दिवस पिकासाठी शेतांमधून विनवणीच्या मिरवणुका काढत असत. तेव्हा तुमच्या मुलांची कल्पना नवी मुळीच नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. माझ्या लहानपणी आमच्या आळीतला क्रूस केळीच्या बागेच्या टोकाला, विहिरीशेजारी होता. आज त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती आहेत, विहीर बुजवली आहे आणि समोर गाड्या उभ्या राहतात. प्रार्थनेच्या पुस्तिकेत पावसासाठी आणि शेतमळ्यांसाठी असलेली विनवणी तेवढी अजून शिल्लक आहे. आम्ही ती मोबाइलच्या उजेडात वाचतो आणि ‘शेतमळे’ या शब्दावर माझी आई दर वर्षी वर पाहते. वसईचे धर्मगुरू व लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत उभे राहून हेच वेळीच सांगितले होते. २०२०च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा आम्हांला अभिमान वाटला, पण तोवर केळीच्या बागा बऱ्याच गेल्या होत्या. माळावर चार वेळा बसणार असाल, तर तो माळ कोणाच्या नावावर आहे आणि पुढे त्याचे काय होणार आहे, हेही एकदा विचारून ठेवा.

पेटी वाजवणारी

धर्मशास्त्र वरील मंडळींनी सांगितले. मी फजिती सांगते. आमच्या मंडळीने तीन वर्षांपूर्वी वडाखाली उपासना घेतली होती. विषय होता ‘देवाची सृष्टी’ आणि त्याच विषयाचा फलक लावण्यासाठी आमच्याच तरुणांनी वडाच्या खोडात चार खिळे ठोकले. दोन खिळे अजून तिथेच आहेत, भोवतीची साल फुगून आली आहे. भाकर ताटलीत उघडी ठेवल्यामुळे उपदेश संपेपर्यंत मुंग्यांची रांग लागली. पेटी उन्हात राहिली आणि तिसऱ्या गीतापासून वरचा षड्ज बेसूर बोलू लागला. वृद्ध बायकांना जमिनीवर बसवेना, आणि जवळपास स्वच्छतागृह नसल्याने त्यांच्यापैकी दोघी आशीर्वादाआधीच रिक्षाने घरी गेल्या.

म्हणून भाकर व प्याला झाकून ठेवा, खुर्च्या न्या, पेटी सावलीत ठेवा किंवा डफ आणि टाळांवर भागवा. पुनरुत्थानदिनाची पहाट धरणार असाल, तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि एरवीही त्याला लेखी परवानगी लागते. साठ माणसांना त्याची गरजही नाही. जागा वनविभागाची असेल तर आधी त्यांच्याकडे जा, आणि सरपंचांच्या कानावर घाला. गावात गैरसमज एकदा पसरला की तो निस्तरायला वर्ष जाते.

स्तोत्रपाठी

पाळकसाहेबांच्या उत्तराला नम्रपणे एक पुरवणी जोडतो. केवळ संबोधनावरून निवाडा करता येणार नाही, कारण १४८व्या स्तोत्रात सूर्य, चंद्र, डोंगर, फळझाडे आणि सरपटणारे प्राणी या सर्वांना थेट हाक मारलेली आहे. फरक एवढाच की तेथे स्तोत्रकर्ता त्यांच्याकडे काही मागत नाही. आपल्याबरोबर परमेश्वराची स्तुती करा, असे त्यांना सांगतो. त्या मुलीचा कागद फाडू नका. ‘हे धरणी’ राहू द्या आणि त्यानंतरची वाक्ये वाचून पाहा. त्यांत मागणे असेल तर ते प्रभूकडे वळवा. आमंत्रण असेल तर त्या प्रार्थनेत काहीही वावगे नाही.

बांधावरचा

सर्वांचे आभार. कागद पुन्हा काढून वाचला. पहिल्या ओळीनंतर मुलीने ‘आमच्याबरोबर गा’ असेच लिहिले होते. मी तेव्हा पहिल्या ओळीवरच अडखळलो होतो. दुसऱ्या वडीलधाऱ्यांना १४८वे स्तोत्र दाखवले. ते लगेच राजी झाले नाहीत, पण माळाऐवजी त्यांच्याच शेतात, बियाण्याची टोपली समोर ठेवून उपासना घ्या, म्हणजे मला नजर ठेवता येईल, असे म्हणाले. त्यामुळे पेरणीआधीची उपासना आता त्यांच्या विहिरीजवळच्या लिंबाखाली ठरली आहे. प्रभुभोजन या वेळी नाही, ध्वनिक्षेपकही नाही. खुर्च्या किती लागतील एवढे मोजायचे राहिले आहे.