मोतीबिंदूनंतरचे स्टेरॉईड ड्रॉप्स मध्येच बंद केले तर चालतं का?

मुलुंडची_लेक
आईच्या (वय ६८) उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आज १० दिवस झाले. प्रेडनिसोलोनचे ड्रॉप्स दिलेत, पहिला आठवडा ६ वेळा, मग ४, मग ३ असे कमी करत ६ आठवडे. आता डोळा लाल नाही, दुखत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी पण पलंगावरून वाचते. पण शेजारच्या काकूंनी सांगितलं स्टेरॉईडने डोळा जातो, तेव्हापासून ड्रॉप्स घालूनच घेत नाहीये, दोन दिवस झाले. शुगर पण आहे तिला. काय करू?

परळकर७१
ताई प्लीज थांबवू नका. आमच्या बाबांनी बरं वाटतंय म्हणून असेच बंद केले, चौथ्या दिवशी डोळा लालबुंद, ट्यूबलाइट लावली तरी हात आडवा धरायचे. परत दर तासाला थेंब, रात्री अलार्म लावून मी उठायचो. आजच डॉक्टरांना फोन करा.

चष्मेवाली_दादर
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. बाहेरून डोळा पांढरा दिसला म्हणजे आतली सूज गेली असं नसतं, ती स्लिट लॅम्पवरच (डॉक्टरांकडचं डोळा मोठा करून बघायचं मशीन) कळते. अचानक बंद केलं की सूज उसळून येते, म्हणून हळूहळू कमी करतात. काकूंची भीती अगदीच खोटी नाही, काही जणांचं डोळ्याचं प्रेशर स्टेरॉईडने वाढतं, पण त्यासाठीच फॉलोअपला प्रेशर मोजतात. आईला किंवा घरात कोणाला काचबिंदू असेल तर आवर्जून सांगा. आणि शुगर असली की पडद्याच्या मध्यभागी पाणी धरायची शक्यता जास्त, म्हणून बऱ्याचदा नेपाफेनॅकसारखे दुसरे ड्रॉप्स पण देतात, ते दिलेत का बघा. दोन औषधांत ५ मिनिटं तरी जाऊ द्या. प्रेडनिसोलोनची बाटली मात्र नीट हलवूनच घाला हं, औषध तळाशी बसतं, न हलवता घातलं तर नुसतं पाणीच जातं म्हणा ना.
दुखणं वाढलं, दिसायला कमी झालं किंवा पू आला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी गाठायचं.

मुलुंडची_लेक
खूप आभार दोघांचे 🙏 डॉक्टरांशी बोलले, ४ वेळाच परत चालू करा आणि उद्या सकाळी दाखवायला या म्हणाले. बाटली उजेडात धरून बघितली तर तळाला पांढरा थर, म्हणजे इतके दिवस आम्ही न हलवताच घालत होतो. आईला तोच थर दाखवला तेव्हा काही न बोलता मान मागे टाकून झोपली, घाल म्हणाली.