मदत हवी आहे: मुलीला कृष्णविवरांवर सैद्धांतिक संशोधन करायचंय, पीएच.डी.नंतरची वर्षं कशी असतात?

नमस्कार मंडळी,

मी वसमतजवळ जि.प. शाळेत शिक्षक आहे. मुलगी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला, फेब्रुवारीत जॅम (एम.एस्सी.च्या प्रवेशाची परीक्षा) देणार. तिला कृष्णविवरं आणि गुरुत्वीय लहरींच्या (अवकाशकाळात उठणाऱ्या तरंगांच्या) सिद्धांतावर काम करायचंय.

मागच्या महिन्यात तिनं १४ सप्टेंबर २०१५ ला पकडलेल्या पहिल्या लहरीचा (दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याची) डेटा नेटवरून उतरवला (तो सगळ्यांना मोफत मिळतो) आणि त्याचा आवाज करून मला ऐकवला. मोबाइलच्या स्पीकरवर काहीच कळेना, तेव्हा हेडफोन माझ्या कानाला लावला. धप्प असा दबका आवाज, शेवटी सूर जरासा चढला आणि तुटला. "बाबा, तीन सूर्यांइतकं वस्तुमान एवढ्यात लहरी होऊन गेलं." मी म्हटलं, पुन्हा लाव.

इथं जवळ औंढा नागनाथला लायगो, म्हणजे या लहरी पकडणारी वेधशाळा, होतेय, २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर झाले. पाहुणे म्हणतात, घराजवळच नोकरी लागेल. पण चार किलोमीटरच्या नळ्या, लेसर, आरसे हे तिचं क्षेत्रच नाही. तिला समीकरणं हवीत. धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं घुमत शांत होतं, हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मध्येच गणितानं दाखवलं होतं, हे ती येईल त्याला सांगते.

एम.एस्सी., मग पीएच.डी.च्या प्रवेशासाठी जेस्ट, नेट किंवा आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची परीक्षा, मग पाचेक वर्षं पीएच.डी. इथवर मला समजलंय. तेव्हा फेलोशिप असते, म्हणून त्याची काळजी नाही. धास्ती आहे ती पुढची. दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्या), आज एक देश उद्या दुसरा, आणि पस्तिशीपर्यंत कायमची जागा नाही, असं ऐकतो. माझी निवृत्ती चार वर्षांवर आहे, धाकटा दहावीत. घरचे बी.एड.चा आग्रह धरतात. मला तिला अडवायचं नाही.

तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर सांगा, त्या काळात घर कसं चालवलंत? लग्न, आजारपण, आईवडील, सगळंच. संजीव धुरंधरांनी आयुकात गोंगाटातून लहर हुडकण्याचं गणित बसवलं, तसं सिद्धांत आणि डेटा यांच्या मधलं काम धरलं तर जागा जास्त असतात का? तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला उन्हाळी प्रकल्पात घेतात का, आणि प्राध्यापकांना मेल कसा लिहावा?

जॅमचा निकाल मार्चमध्ये लागेल. त्याआधी मला तिच्याशी बसून बोलायचंय.