ग्रॅहमची संख्या : म्हणे 'काहीच कळू शकत नाही'!

बे_एके_बे :
ग्रॅहमची संख्या म्हणजे गणिती रोनाल्ड ग्रॅहम यांच्या नावाची, ३ वर ३ चे घात चढवत चढवत बनवलेली राक्षसी पण ठरावीक संख्या. काल एका ग्रुपवर तिच्याविषयी पोस्ट फिरत होती : "ग्रॅहमची संख्या म्हणजे अनंताची धाकटी बहीण. अख्ख्या विश्वात ती लिहायला जागा पुरणार नाही, त्यामुळे तिच्याविषयी माणसाला काहीच कळू शकत नाही." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. डोकंच फिरलं.

लिहून होणार नाही, कबूल. ३ चा २७ वा घातच साडेसात लाख कोटींच्या पुढे जातो, आणि तिथे तर अजून सुरुवातही झालेली नाही. पण लिहिता येत नाही म्हणून कळत नाही? अहो, ती सरळ ३ चा घात आहे. म्हणजे विषम. ९, २७, ८१, सगळ्यांनी भाग जातो. घातांकही ३ चाच घात, म्हणून ती पूर्ण घन आहे. घातांक विषम, म्हणून पूर्ण वर्ग नाही. एकक स्थान हवंय? ३, ९, २७, ८१, २४३... शेवटी ३, ९, ७, १ आणि परत ३. घातांकाला ४ ने भागलं की बाकी ३ उरते (३ चा कुठलाही विषम घात घ्या, बाकी ३च), म्हणजे चक्रातला तिसरा : ७. शेवटचे दहा अंक २४६४१९५३८७. आता अनंताचा शेवटचा अंक सांगा बघू.

घाटमाथा :
शेपटाचं कौतुक पुरे. पहिला अंक सांगा.

बे_एके_बे :
पाया ३ घेऊन लिहा. पहिला अंक १, पुढे नुसती शून्यं.

घाटमाथा :
ही वकिली झाली. दशमानात सांगा, नाहीतर गप्प बसा. आणि ज्या रंगकामाच्या कोड्यासाठी ही संख्या जन्मली (घनाचे कोपरे जोडणाऱ्या रेषा दोन रंगांत कशाही रंगवा, एक ठरावीक एकरंगी आकृती टाळता येणार नाही, असा घन किमान किती मितींचा?), त्याचं उत्तर १३ पेक्षा कमी नाही आणि हिच्यापेक्षा जास्त नाही! वरची मर्यादा पुढे बरीच खाली आली म्हणा, पण मग ही बाई उरली कशाला? विक्रमांच्या पुस्तकात मिरवायला?

निवृत्त_मास्तर :
मोठ्या संख्यांचं आपल्याला काय सांगता? लीलावतीत परार्ध आहे, १ वर १७ शून्यं. ललितविस्तर या बौद्ध ग्रंथात तल्लक्षण, १ वर ५३.

कोकणकन्या :
मास्तर, त्या ५३ शून्यांनी ग्रॅहमबाईंच्या उंबऱ्याला पाय तरी लागतो का? पूर्वज राहू द्या, देवळालीच्या शाळेतले मास्तर, आकड्यांशी खेळणारे गणिती कापरेकर, त्यांचं बोला. अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनरनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या गणिती कोड्यांच्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला कळले. त्याच सदराने १९७७ साली ग्रॅहमची संख्या गाजवली. आपण काय केलं? मी सातवीत वर्गात ६१७४ करून दाखवत होते (चार अंक, सगळे सारखे नकोत; उतरता क्रम वजा चढता, असं फार तर सात वेळा केलं की कापरेकरांचा हा आकडा येतोच), तर बाईंनी "पोर्शनमध्ये नाही" म्हणून पट्टी मारली.

निवृत्त_मास्तर :
बाईंना शिव्या घालणं सोपं आहे. वर्गात साठ पोरं, वर जनगणना, निवडणूक, मतदारयाद्या. मी मतपेट्या वाहिल्यात. ६१७४ काय डोंबल शिकवणार?

कोकणकन्या :
म्हणून पट्टी?

निवृत्त_मास्तर :
पट्टीचं समर्थन कोण करतंय? वाचता येत नसेल तर चष्मा बदला.

चहाबाज :
धागा ग्रॅहमवरून मतदारयादीवर. चालू द्या, मी वडापाव आणतो.

घाटमाथा :
@बे_एके_बे, बरं. विषम आहे, घन आहे, शेवटी ७ आहे. 'काहीच' कळत नाहीऐवजी 'फारसं' कळत नाही म्हणतो. पेढे वाटा. पहिल्या अंकाचं काय?

बे_एके_बे :
दशमानात कुणालाच माहीत नाही. शेवटून दुसरा ८ का, ते मात्र तुम्हीच काढा. ३ चा २० वा घात ०१ वर संपतो, एवढी मदत फुकट.

निवृत्त_मास्तर :
८७ : घातांकाला २० ने भागून बाकी ७, आणि ३ चा ७ वा घात २१८७. जमतं हो आम्हालाही. ड्यूटी नसली की.