मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल सील: घरी बदलावं की गॅरेजलाच द्यावं?

एकसिलिंडर

मत आधीच सांगून टाकतो. साध्या टेलिस्कोपिक फोर्कचं (म्हणजे क्रोमचा पाइप खालच्या नळीत सरकतो त्या पुढच्या शॉकअपचं) ऑइल सील, म्हणजे आतलं ऑइल अडवणारं रबर, ज्याला पाना धरता येतो त्याने घरीच बदलावं. पैसे वाचतात हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे.

सील गळतंय म्हणजे दोष सीलचाच असतो असं नाही. फोर्क पाइपच्या क्रोमवर खडी उडून टवका गेलेला असतो किंवा गंजाचा बारीक खड्डा पडलेला असतो. गाडी आदळली की ती जागा सीलच्या ओठावरून खालीवर होते आणि रबर कापत राहते. तिथे कितीही भारी सील घाला, पुन्हा ओलं होणारच. पाइपवरून नख फिरवून ते कुठे अडकतंय का हे बघायला फार वेळ लागत नाही, पण ज्याच्या दारात गाड्यांची रांग आहे तो हे बघेलच याची खात्री काय? सील बसवलं, ऑइल अंदाजाने ओतलं, गाडी बाहेर. दोन्ही बाजूंच्या ऑइलची पातळी मोजून देणारे लोक फार थोडे भेटतात.

पानाधारी

हे काम माझ्या पोटापाण्याचं आहे, तेव्हा मी विरोधात बोलणार हे धरूनच चाला.

घरी अर्धवट खोलून पिशवीत भरून आणलेले शॉकअप माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: खालचा ॲलन बोल्ट. तो आतल्या डँपर रॉडमध्ये, म्हणजे धक्का मंदावणाऱ्या दांड्यात बसतो. पाना फिरवला की रॉडही सोबत फिरतो, बोल्ट जागच्या जागी गरगरतो आणि सुटत नाही. मग लोक क्रोमचा पाइप वाइसमध्ये आवळतात. म्हणजे जो टवका शोधायला तुम्ही निघालात, तो स्वतःच्या हाताने पाडायचा. नंतर लॉक (सील अडवून ठेवणारी तारेची कडी) न काढताच जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटतात आणि फोर्क बॉटममधल्या, म्हणजे खालच्या नळीतल्या, सीलच्या बैठकीवर ओरखडा येतो. आता नवं सील बाहेरच्या अंगानेही गळणार.

आणि वरची कॅप. तिच्याखाली स्प्रिंग दाबलेली असते. शेवटचा आटा सुटताना वर तोंड नेलं तर काय होईल ते सांगायला नको.

एकसिलिंडर

तुम्ही सांगितलेलं सगळं खरं, पण यातलं काय टळण्यासारखं नाही? खालचा बोल्ट स्प्रिंग आणि कॅप जागेवर असतानाच आधी सैल करायचा. शॉकअप दाबून धरला की स्प्रिंग डँपर रॉडवर जोर देते आणि बोल्ट बहुतेक वेळा सुटतो. इम्पॅक्ट गन (झटक्यांनी बोल्ट सोडवणारं यंत्र) असेल तर प्रश्नच नाही. कॅप फोर्क गाडीवर असतानाच ढिली करून ठेवायची: फोर्क पकडणाऱ्या दोन टी-पैकी वरच्या टी-चा बोल्ट सैल, खालच्या टी-चा आवळलेला. सील उचकटायची तर गरजच नाही. डस्ट सील (धूळ अडवणारं वरचं रबर) वर सरकवा, लॉक काढा, पाइपला सरळ हिसके द्या; आतला बुश (पाइपवरची सरकती कडी) सीलला ढकलत बाहेर आणतो. बसवताना पाइपच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून ऑइल लावलं की सीलचा ओठ काठावर फाटत नाही. सील ठोकायचं खास हत्यार, म्हणजे ड्रायव्हर, नसेल तर योग्य मापाचा पीव्हीसी पाइप उभा चिरून वापरता येतो. लॉकची खाच पूर्ण दिसेपर्यंत ठोकायचं.

सावकाश_स्वार

तुम्ही दोघेही खोलायच्याच गोष्टी करताय. आधी डस्ट सील वर सरकवून आत बघा की राव. चिखल सुकून त्याचा एखादा कण सीलच्या ओठाखाली अडकतो आणि तिथून ऑइल पाझरतं. कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची पट्टी, नाहीतर पातळ प्लॅस्टिकला आकडा कापून ओठाखालून पाइपभोवती फिरवायचा. घाण निघते, गळती थांबते. निम्मे वाद तिथेच मिटतील.

पानाधारी

निम्मे म्हणणं जास्त झालं. सील नवं असेल आणि गाडी नुकतीच चिखलातून आली असेल तर हा उपाय चालतो. रबर कडक झालेलं असेल तर पट्टी फिरवून काही होत नाही, उलट पट्टीला धार असेल तर ओठच कापला जातो.

मधलास्टँड

मी पूर्णपणे विरोधात आहे. शॉकअप खोलण्याबद्दल माझी हरकत नाही, पण त्यासाठी गाडीचं पुढचं चाक आणि ब्रेक उघडावे लागतात त्याचं काय? कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवलेले मी पाहिलेत. पुढचा भाग उचलायला इंजिनखाली विटा रचणारेही पाहिलेत. जोडताना ॲक्सलचा पिंच बोल्ट (फोर्कच्या टोकाशी ॲक्सल आवळून धरणारा) आधी आवळला आणि मग फोर्क दाबून बघितला, तर दोन्ही पाय समांतर बसत नाहीत, फोर्क अडकत चालतो आणि नव्या बुशची वाट लागते. आधी ॲक्सल, मग फोर्क चार-पाच वेळा दाबायचा, मग पिंच बोल्ट. हा क्रम किती जणांना माहीत आहे? ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, टॉर्क रेंच, किती घरांत असतो?

आणखी एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही. गळलेलं ऑइल ब्रेक पॅडवर गेलं असेल तर?

सावकाश_स्वार

पॅड गॅसवर तापवून ऑइल जाळून टाकतात. चालतं.

मधलास्टँड

चालत नाही. पॅडचा मसाला सच्छिद्र असतो, त्यात ऑइल मुरतं. वरून जळलं तरी आतलं गरम ब्रेकिंगला पुन्हा वर येतं. पॅड फेकायचे, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसायची. यात काटकसर नको.

पानाधारी

याला माझा पाठिंबा. आणि ज्यांच्या गाडीला उलटा फोर्क आहे त्यांनी घरच्या प्रयोगाचा नाद सोडावा. त्यात बारीक क्रोमचा पाइप खाली असतो, सील फुटलं की ऑइल सरळ ओघळून कॅलिपरपर्यंत जातं. आत कार्ट्रिज (बंद डँपर) असेल तर स्प्रिंग दाबायला वेगळं हत्यार लागतं.

एकसिलिंडर

उलट्या फोर्कचं मान्य. म्हणूनच मी सुरुवातीला ‘साधा टेलिस्कोपिक’ लिहिलं. टॉर्क रेंचचाही मुद्दा बरोबर. ज्याच्याकडे तो नाही आणि ज्याला मॅन्युअल उघडायचा कंटाळा आहे त्याने या कामाला हात लावू नये.

पण ऑइलच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. ‘१० डब्ल्यू टाकलं’ एवढ्याने काही कळत नाही. एकाच आकड्याखाली वेगवेगळ्या कंपन्यांची ऑइलं वेगवेगळी जाड असतात. ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडीचं माप) हे बघावं लागतं. शिवाय मिलिलिटरपेक्षा पातळी महत्त्वाची, कारण वर उरलेली हवा स्वतः स्प्रिंगचं काम करते. पातळी जास्त झाली की फोर्क शेवटाकडे दगडासारखा होतो. आणि जुनं ऑइल राखाडी, चमकदार कण घेऊन आलं तर बुश झिजलेत. ते ऑइल मालकाला कोण दाखवतं?

पानाधारी

मी दाखवतो. विचारलं तर.

तडजोड सांगू? चाक, कॅलिपर तुम्ही काढा, शॉकअप सुटे करून आणा. खालचा बोल्ट आणि सील माझ्याकडे, पाइप सरळ आहे का तेही बघून देतो. खालच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर मात्र नवाच आणा, जुना परत लावला की खालून ठिबकतं. ऑइल घरी नेऊन मोजून भरा.

एकसिलिंडर

ठीक. दोन्ही बाजूंचं एकदमच करणार. एक गळलं म्हणजे दुसरंही त्याच वयाचं.

पानाधारी

करा. पण ऑइलच्या पातळीचं माप घेताना स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, आणि त्याआधी हळूहळू पंप मारून आतली हवा काढलेली. बुडबुडे असताना मोजलं तर दुसऱ्या दिवशी पातळी खाली गेलेली दिसेल आणि मग पुन्हा माझ्याच दारात याल.